जुन्या माणसाला कमी करताना: आधी निरोप की आधी लॉगिन बंद? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रुजूतारीख
कपात करूच नये असं मी म्हणत नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. एचआर आयटीला कमी करायच्या माणसांची यादी देतं, त्यात खातं बंद करायची वेळ असते, समजा सकाळी नऊ. निरोप द्यायची मीटिंग असते साडेनऊला. आयटीचं काम आपोआप चालतं, ते नऊच्या ठोक्याला होतं. मॅनेजर आधीच्या मीटिंगमध्ये अडकतो. मग वीस वर्षं काम केलेल्या माणसाला नोकरी गेल्याचं कळतं ते ‘पासवर्ड चुकीचा आहे’ यावरून. तो हेल्पडेस्कला फोन लावतो. तिथल्या पोराच्या स्क्रीनवर ‘खातं निष्क्रिय, एचआरशी संपर्क साधा’ एवढंच असतं, म्हणजे खरा निरोप हेल्पडेस्कच देतं.

मोठ्या कंपन्याही यात मागे नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० जणांची कपात जाहीर केली, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना ईमेल गेले. त्यात पंधरा-वीस वर्षं काढलेलेही होते. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश बोट कंपनीने सुमारे ८०० खलाशांना आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून काढलं. आधी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं आणि आपण ती केली नाही, हे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे कबूल केलं.

निरोप आधी, तोही माणसाच्या तोंडून. लॉगिन नंतर. एवढं तरी जमावं.

चावीवाला
असहमत. वीस वर्षांत माणसाकडे फक्त अनुभव साचत नाही, अधिकारही साचतात. चार विभाग बदलले तरी जुन्या विभागाचा ॲक्सेस कुणी काढलेला नसतो. जुन्या सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड, पाच जणांत वापरलं जाणारं एकच खातं, सगळं त्याच्याकडे. तो सूड घेईल असं नाही. पण ‘माझंच काम आहे’ म्हणून ग्राहकांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवणारे भरपूर असतात, आणि त्याचा त्रास पुढे त्यांनाच होतो.

शिवाय गणित करा. ३०० माणसं, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे १०० तास. दहा मॅनेजर असले तरी प्रत्येकाला दहा तास. पहिल्या तासात बातमी फुटते आणि उरलेले दिवसभर फोनकडे बघत बसतात. हे काय जास्त माणुसकीचं आहे?

रुजूतारीख
गणित बरोबर, पण सगळा ॲक्सेस एकाच किल्लीवर का? तीन थर करा. ॲडमिन अधिकार, ग्राहकांचा डेटा, मोठी डाउनलोड्स: मीटिंग सुरू झाली की बंद, आधी नाही. मेल आणि चॅट: बाहेर पाठवणं बंद, आतल्या आत संध्याकाळपर्यंत चालू, म्हणजे सहकाऱ्यांचा निरोप तरी घेता येतो. पेस्लिप, विमा, रजेचा हिशेब: खाजगी मेलवरून पुढे काही महिने. सिंगल साइन-ऑनमुळे (सगळ्या सिस्टिमना एकच लॉगिन) हे तिन्ही एका बटनात जातात आणि मग ज्या पोर्टलवर विम्याचा फॉर्म आहे तेच उघडत नाही.

आणि घाईचा फटका तुम्हालाही बसतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) त्याच्या नावाच्या खात्यावर असतात. खातं बंद, की दुसऱ्या दिवशी सकाळचा रिपोर्ट गायब. मग त्यालाच फोन.

हिशेबनीस
निरोपावर एवढी चर्चा चाललीय, पण जुन्या माणसाचं खरं नुकसान आकड्यात होतं. कंपनी विकली गेली किंवा एचआरचं सॉफ्टवेअर बदललं की रुजू तारखेच्या रकान्यात नवी तारीख बसते. माणूस २००४ चा, सिस्टिममध्ये २०१५ चा. २०२३ मध्ये दर वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार ठरला (गूगलने अमेरिकेत मूळ १६ आठवड्यांच्या वर दर वर्षामागे असेच दोन-दोन दिले होते), तर ३८ ऐवजी १६ आठवडे निघतात. बावीस आठवडे गेले, आणि यात कुणाचा वाईट हेतूही नाही! कंत्राटावरून कायम झालेल्यांचंही असंच होतं.

म्हणून मूळ नेमणूकपत्र आणि ‘सेवा अखंड धरली जाईल’ असं लिहिलेलं बदलीचं पत्र ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये. चावीवाल्यांच्या पद्धतीत ते नऊलाच हातचं जातं.

दुसरं, सहीची घाई. ‘शुक्रवारपर्यंत सही, नाहीतर रक्कम नाही’ असं पत्र हातात दिलं जातं, आणि त्या सहीत पुढे दावा न करण्याची कबुली असते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने चाळिशीपुढच्या माणसाला सामूहिक कपातीत वयावरून भेदभावाचा दावा सोडायला विचारासाठी ४५ दिवस द्यावे लागतात, सही केल्यावर ती मागे घ्यायला आणखी ७. हा आकडा कुणाच्या दयेतून आलेला नाही. पाच दिवसांत वकीलही सापडत नाही.

कोरा कागद
जुन्यांनाच वेगळी वागणूक का? दोन वर्षांपूर्वी लागलेल्याचाही हप्ता थकतोच. आणि ‘निरोप माणसाच्या तोंडून’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. जुन्या ओळखीचा मॅनेजर हळवा होतो, ‘तुमचं काम उत्तमच होतं, मलाही हे पटलेलं नाही’ असं बोलून जातो. कपातीसाठीची निवड कामाच्या गुणांवर झाली असं कागदावर लिहिलेलं असताना हे वाक्य वादात थेट पुरावा होतं. ठरलेला मजकूर वाचणं कोरडं दिसतं, पण ते दोघांच्याही हिताचं आहे.

रुजूतारीख
मजकूर ठरलेला असू दे. फक्त पहिल्या दोन मिनिटांत चार गोष्टी यायला हव्यात: निर्णय झालाय, शेवटचा दिवस कोणता, पैसे कसे व कधी, उद्या फोन कुणाला करायचा. ‘घरी कसे आहेत सगळे?’ ने सुरुवात नको. पुढचं ऐकल्यावर तो प्रश्न शिवीसारखा वाटतो. पहिल्या वाक्यानंतर माणसाला फारसं ऐकू येत नाही, म्हणून तेच कागदावर द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचा. आमंत्रणाला ‘छोट्याशा गप्पा’ असं नाव देणाऱ्यांना तर काय म्हणावं!

वेगळी वागणूक मी मागत नाही. पण दोन वर्षांच्या माणसाचं हस्तांतर अर्ध्या दिवसात होतं, वीस वर्षांच्याचं होत नाही.

चावीवाला
तिसरा थर मान्य. दुसऱ्याबद्दल अजून शंका आहे. स्क्रिप्टचं मात्र खरं आहे, पण यादी आदल्या संध्याकाळी हातात आली तर त्या शोधायच्या कधी? चार दिवस आधी द्या, त्या सगळ्या सर्व्हिस खात्यावर (कुणा एका माणसाच्या नावावर नसलेल्या) हलवता येतात.

हिशेबनीस
चार दिवस आधी दिली की ती फुटते, म्हणून देत नाहीत. कुणाच्या नावावर काय चालतं याची नोंद वर्षभर ठेवलीत तर यादी आदल्या रात्री आली तरी चालेल.