पड, पोटखराब आणि 'चार आणे पाणी'

येरळाकाठ : खटाव तालुक्यातल्या एका जुन्या वाटणीपत्रात ही ओळ आहे : 'ओढ्यालगतची पड, पोटखराबासह, व मळ्यातील विहिरीचे पाणी चार आणे, पाळीप्रमाणे.' पड आणि पोटखराब एकच ना? मग दोनदा कशाला लिहिलं? आणि चार आणे म्हणजे किती पाणी?

तलाठ्याची लेक : एकच नाही. पड म्हणजे पेरता येते पण पेरली नाही अशी जमीन. पीकपाहणीत चालू पड, कायम पड असं लिहितात ती. पोटखराब हा गटाच्या पोटातलाच तुकडा, पण त्याला आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही. त्यात पुन्हा अ आणि ब. खडकाळ, ओघळींनी खाल्लेलं, लागवडीला नालायक ते अ. ब मात्र जमीन वाईट म्हणून नसतो. सार्वजनिक कामाला राखलेली जागा, वहिवाटीचा रस्ता, किंवा ज्या ओढ्या-तळ्याचं पाणी खातेदाराशिवाय इतर लोक रानाला नाहीतर प्यायला वापरतात त्यानं व्यापलेली जागा, ती ब. 1968 च्या महसूल नियमांतच तसं आहे. तेव्हा नावातल्या 'खराब'वर जाऊ नका. ओढा सपाट करून ऊस लावणारे नेमके त्यावरच जातात.

माणदेशी : विहीर सोळा आणे धरायची, चार आणे म्हणजे पाव हिस्सा. पाणी मापून कुणी देत नाही, वेळ वाटून घ्यायची. चौघे सारख्या हिश्शाचे असले की चौथ्या दिवशी पाळी. मोटेवर हे सरळ होतं. आता लाईट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून दिवस गेला आणि तास आले. उन्हाळ्यात विहीर घटकाभरात उपसते, तेव्हा चार आणे नक्की कशाचे यावर भावाभावांत जुंपते.

नगरकर : पाळी आली की रानात पाणी फिरवण्याला आमच्याकडं 'बारं देणं' म्हणतात. तुमच्याकडं?

माणदेशी : दारं धरणं. सरीच्या तोंडाची माती खोऱ्यानं ओढली की दारं मोडलं. पाणी शेवटाला टेकायच्या जरा आधीच तोंड लावायचं आणि पुढची सरी फोडायची. उशीर झाला तर खालचा बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात, आणि शेजारी आपल्या दारात.

विटेकर : हिस्सा जमिनीला चिकटलेलाच असतो असं नाही बरं का. खानापूर तालुक्यात येरळेवरचं बळवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण बघा. 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून, भारत पाटणकर वगैरे मंडळींच्या पुढाकारानं झालं. नदीतली थोडी वाळू विकून लोकांनी पैसा उभा केला आणि पाणी सगळ्यांना समान वाटायचं ठरवलं, भूमिहीनांनासुद्धा. तिथं 'माझा हिस्सा' म्हणणाऱ्याच्या नावावर गुंठाभर रान नसलं तरी चालतं. चार आण्यांच्या हिशेबात हे बसत नाही.

येरळाकाठ : लई उपयोग झाला. त्याच कागदात चतुःसीमेला 'पूर्वेस शिंदीची वगळ' आहे. वगळ म्हणजे ओढाच का?

माणदेशी : नाही. माळावरून पाणी उतरून जमीन चिरते ती ओघळ. ती रुंदावून पावसाळ्यात वाहायला लागली की वगळ. अशा वगळी मिळून ओढा. लवण वेगळं, तो नुसता सखल भाग. पाणी तिथं मुरतं, म्हणून ज्वारी चांगली येते. शिंदी, करंज, निरगुडी, लव्हाळा असला की खाली ओल आहे असं जुनी माणसं धरायची. आता खोलीकरणाच्या जेसीबीनं काठ खरवडून निघालेत आणि भरावावर वेडी बाभूळ माजलीय. शिंदी शोधून हद्द सापडणार नाही, मोजणीच आणा.

तलाठ्याची लेक : आणि दादा, विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढलाय का ते आधी बघा. पाट दुसऱ्याच्या रानातून न्यायचा असेल तर महसूल संहितेचं कलम 49 आहे, अर्ज तहसीलदाराकडं.

विटेकर : आमच्याकडं 'तो वगळ' म्हणतात हो.

माणदेशी : ती वगळ. पुढच्या गावाला विचारा, ते तिसरंच सांगतील.