खेळण्यांपेक्षा बोलणं महत्त्वाचं

एका ताईंनी म्हटलंय की घरात पैसा असला की मुलांचा विकास आपोआप होतो. अर्धंच पटलं.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. गरीब घरातल्या मुलांच्या कानावर लहानपणी ३ कोटी शब्द कमी पडतात, असा त्याचा निष्कर्ष फार गाजला. पण २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी आजी, मावश्या, मोठी भावंडं यांचं बोलणंही मोजलं, तेव्हा हे चित्र बरंच बदललं. आपल्याकडे तर हे आधी मोजायला हवं!

आमच्याकडे पुण्यात धायरीत पोळ्यांना येणाऱ्या मावशी सुट्टीत लेकीला सोबत आणतात. पोरगी ओट्याखाली बसून लाट्या मोजते, चुकली की मावशी लाटणं न थांबवता म्हणतात, "परत मोज गं, एक खाल्लीस का?" आमच्याच सोसायटीत काही मुलं मोबाईल समोर ठेवल्याशिवाय घास घेत नाहीत. आईबाप हिंजवडीहून आठला येतात, त्यांना तरी काय बोलणार?

म्हणून गरिबी चांगली, असं मुळीच नाही. घरमालकाने भाडं वाढवलं म्हणून मावशींनी वर्षाच्या मध्येच खोली बदलली. लेकीची अंगणवाडी सुटली, आणि ती काही महिने रात्री दचकून उठायची. सततच्या ताणाचा परिणाम मुलांच्या झोपेवर, लक्ष लागण्यावर होतोच. तिथे मायेच्या बोलण्याने आधार मिळतो, भाडं मात्र भरता येत नाही.