मदत हवी आहे: पादचाऱ्यांसाठी राज्याचे नियम आणि वेगमर्यादा, निवेदन कुणाला आणि कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी,

इथे वकील आहेत, ट्रॅफिकचं काम जवळून बघणारे आहेत, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेले तर बरेच आहेत, म्हणून लिहितेय. आमची सोसायटी आणि शेजारच्या चाळी मिळून एक निवेदन द्यायचंय. नुसतं "आमच्या इथे स्पीड ब्रेकर टाका" असं नकोय, ते मागून झालं. राज्य सरकारच्या हातात जे नियम करणं आहे ते करा, असं लिहायचंय, आणि ते कायद्यात पक्कं बसलं पाहिजे, नाहीतर "पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित" असा शेरा पडून कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात, हायवेला मिळणाऱ्या एका रस्त्यालगत. झेब्रा आहे पण पट्टे टायरने घासून गेलेत, आणि डिव्हायडरला चालायला जिथे जागा सोडलीये बरोबर तिथेच सुशोभीकरणाची कुंडी आणून ठेवलीये, त्यामुळे म्हातारी माणसं कुंडीला वळसा घालायला गाड्यांच्या लेनमध्ये उतरतात. पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा होतो पण तेवढ्यात अर्धाच रस्ता पार होतो, मग मध्ये अडकून उभं राहायचं. आमच्या मजल्यावरच्या काकू तिथेच गेल्या. राँग साइडने आलेली बाइक होती. पोलीस केस झालीये, ती चालेल तशी चालेल, पण कुंडी अजून तिथेच आहे.

अर्ज केला तर उत्तर आलं की हे ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेच्या, निकषात बसत नाही. निकष शोधला तर राष्ट्रीय महामार्गांसाठीचा निघाला: ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. शहरातल्या झेब्राला ही फूटपट्टी लावायची म्हणजे अजून किती जण जायची वाट बघायची? २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, आणि आपण अजून निकष मोजतोय. संताप येतो खरंच.

आता मुद्द्याचं. मोटार वाहन हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, सगळं दिल्लीवर ढकलता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३८ (१अ) आलं (खालची सगळी कलमं याच कायद्यातली), त्यात पायी चालणारे, सायकलवाले यांच्यासाठी नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय. कोइम्बतूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती, त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने सगळ्या राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. दुसरं कलम ११२, त्याखाली राज्य वेगमर्यादा खाली आणू शकतं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत शहरी रस्त्यांवर कारला ताशी ७० किमीची कमाल मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. शाळा, दवाखाने, स्टेशन आणि बाजाराच्या रस्त्यांवर ती ताशी ३० करा ही आमची मुख्य मागणी आहे.

दंडाची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. वाढीव दंड सप्टेंबर २०१९ ला देशात आले, आपल्याकडे यायला डिसेंबर २०२१ उजाडलं, आणि हेल्मेट नसेल तर केंद्राच्या कायद्यात १००० लिहिलेत तिथे आपण ५०० ठेवले. दंड हवाच, पण चुकीचा रस्ता बांधणाऱ्याला कोण पकडणार? कलम १९८अ मध्ये सदोष डिझाइन किंवा देखभालीमुळे मृत्यू झाला तर यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड आहे. हे कलम मुंबईत कुणी लावून घेतलंय का? तक्रार कुठे करायची, पोलीस ठाण्यात की थेट कोर्टात?

अजून हवंय ते असं. महाराष्ट्राच्या पादचारी नियमांचा मसुदा राजपत्रात आलाय का, असेल तर लिंक द्या, हरकती-सूचना सगळे मिळून पाठवू. निवेदन परिवहन विभागाला द्यायचं, परिवहन आयुक्तांना, की वाहतूक पोलिसांनाही प्रत लावायची? कलम २१५ मधल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे साध्या नागरिकाला विषय ठेवता येतो का? आमदार ऐकून घेतात, पण त्यांना विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडायला नेमकी माहिती लागते, म्हणून अपघातांची ठिकाणवार आकडेवारी माहिती अधिकारात कशी मागायची याचा नमुना कुणाकडे असेल तर प्लीज टाका.

अपडेट: खाली भरपाईबद्दल विचारलंय. काकूंच्या घरच्यांचा क्लेम मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्ये दाखल केलाय, कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत लिहिलीये म्हणून ते काम आधी उरकलं. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी थांबू नका. आणि ज्यांनी फूटब्रिज सुचवलाय, त्यांना एवढंच की गुडघे दुखणारी माणसं पूल चढत नाहीत, खालूनच जातात, त्यामुळे क्रॉसिंग जमिनीवरच सुरक्षित हवं. रविवारी कच्चा मसुदा इथेच टाकते, त्यातल्या चुका बिनधास्त काढा.