पत्रावरील ‘०४/०७/१९५८’ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल?

प्रश्न : सूचीकार

नमस्कार. अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांत विखुरलेल्या काही मित्रांच्या जुन्या पत्रव्यवहाराची सूची करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पत्रे इंग्रजीत आहेत, परंतु तारीख घालताना प्रत्येकाने आपापल्या सवयीप्रमाणे अंक मांडले आहेत आणि काही जणांनी दुसऱ्या देशात स्थायिक झाल्यावर मधेच पद्धत बदललेली दिसते. ज्या पत्रापाशी मी अडलो आहे त्यावर केवळ ‘०४/०७/१९५८’ इतकेच आहे. अमेरिकी क्रमाने वाचल्यास ते ७ एप्रिलचे ठरते आणि युरोपीय क्रमाने वाचल्यास ४ जुलैचे. कोणते पत्र आधीचे आणि कोणते त्याचे उत्तर, हे या एका तारखेवर अवलंबून आहे. सुरुवातीच्या चाळीसएक नोंदी मी सरसकट दिवस-महिना-वर्ष असे धरून केल्या. त्यांतल्या काही चुकल्या आहेत हे आता उघड दिसते आणि त्याची मला फार रुखरुख लागली आहे. अशा तारखा ठरवण्याची काही विश्वासार्ह रीत आहे का?

उत्तर : अभिलेखपाल

आपण थांबलात हे योग्य केले. ज्या तारखेत दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे असतात, अशा १४४ तारखा वर्षात येतात. त्यांतल्या ५/५ सारख्या बारा तारखा कोणत्याही क्रमाने सारख्याच राहतात. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत की नुसत्या अंकांवरून त्यांचा निर्णय होऊच शकत नाही.

पहिली पायरी म्हणजे पत्रलेखकाची त्या काळातली सवय शोधणे. त्याच्याच आगेमागच्या पत्रांत १३ ते ३१ यांपैकी एखादा आकडा सापडला, की तो पहिल्या जागी आहे की दुसऱ्या, हे पाहून क्रम कळतो. मात्र एका पत्रावरून संपूर्ण गठ्ठ्याचा निकाल लावू नये, कारण देश बदललेला माणूस वर्षानुवर्षे दोन्ही पद्धतींनी लिहू शकतो. अमेरिकी लेखक सैन्यात असेल तर आणखी सावध राहावे, कारण तिथल्या लष्करी लेखनात दिवस आधी आणि महिना नंतर येतो. अंकांमधील चिन्हही बोलके असते. जर्मनीत अंकांमध्ये टिंब देण्याची रीत आहे, आणि मध्य युरोपातील अनेक पत्रांत ‘४. VII. १९५८’ असा महिना रोमन अंकांत असतो, तिथे शंकाच उरत नाही. तिरकी रेघ मात्र दोन्ही गोटांत चालते.

दुसरी पायरी म्हणजे वार. १९५८ मध्ये ७ एप्रिलला सोमवार होता आणि ४ जुलैला शुक्रवार, तेव्हा पत्रात कुठेही ‘उद्या मंगळवारी’ असे काही आले असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, हे मला स्वतःला एका चुकीतूनच समजले. १२ मार्च आणि ३ डिसेंबर, ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर या जोड्या दरवर्षी एकाच वारी येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या अशा जोड्या लीप वर्षाप्रमाणे बदलतात. तिथे वार कितीही स्पष्ट लिहिलेला असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

पाकीट जपलेले असेल तर टपालाचा शिक्का पाहावा, कारण अनेक देशांच्या शिक्क्यांवर महिना अक्षरांत असतो. शिक्का लेखनाची नव्हे, तर टपालात पडल्याची तारीख सांगतो, एवढे भान ठेवावे. शेवटी मजकुरातले सण पाहावेत. त्या वर्षी ईस्टर ६ एप्रिलला होता, ही गोष्ट आपल्या पत्राच्या बाबतीत कदाचित निर्णायक ठरेल.

उत्तर : भाषांतरकार

जपानहून आलेल्या पत्रांविषयी थोडे सांगते. तिथे वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो, आणि वर्ष बहुधा सम्राटाच्या कालखंडाचे असते. शोवा कालखंडाचे पहिले वर्ष १९२६, म्हणून शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. ‘३३.७.४’ असे दिसले तर ते ४ जुलै १९५८ आहे. त्यात ३३ तारीख कशी, म्हणून लेखनदोष समजून ते दुरुस्त करू नये.

वेळेच्या उल्लेखांकडेही तितक्याच काळजीने पाहावे, असे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण भेटी आणि गाड्यांच्या वेळांवरूनही पत्रांचा क्रम लावला जातो. जर्मन भाषेत ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच; तिसरा तास अर्धा झाला, असा तिथला विचार. ब्रिटिश बोलीत ‘हाफ थ्री’ म्हणजे मात्र साडेतीन. जर्मन वळणाच्या माणसाने इंग्रजीत लिहिलेले ‘हाफ थ्री’ आपण साडेतीन असे वाचले, तर पूर्ण तासाचा फरक पडतो. मराठी वाचकाला ही दोन्ही वळणे समजायला जड जाऊ नयेत: ‘साडेतीन’ म्हणताना आपण सरलेल्या तासावर अर्धा चढवतो आणि ‘पावणेतीन’ म्हणताना येणाऱ्या तासाकडून मोजतो.

याहून मोठा फरक पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत आहे. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास, हा सकाळी सात वाजता येतो आणि ‘दुपारचा आठवा तास’ म्हणजे दोन. इथियोपियातही अशीच गणना चालते. आपल्या संग्रहात तिकडचे पत्र नसेलही, पण असल्यास वेळेतून सहा तास वजा करायचे की मिळवायचे हे आधी ठरवावे.

उत्तर : इतिहासवाचक

केवळ एक पुरवणी. तिरकी रेघ दर वेळी दिवस आणि महिना यांच्यामध्येच असते असे नाही. रशियाने ग्रेगरियन दिनदर्शिका १९१८ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी मानला गेला. त्याआधी युरोपशी पत्रव्यवहार करणारे रशियन लेखक ‘५/१७ मार्च’ असे जुन्या ज्युलियन आणि ग्रेगरियन या दोन्ही दिनदर्शिकांचे दिवस एकत्र लिहीत. एकोणिसाव्या शतकात हे अंतर बारा दिवसांचे होते आणि विसाव्या शतकात ते तेरा झाले. संग्रहात जुन्या पिढीची पत्रे असतील तर हे उपयोगी पडेल.

सूचीकार

सर्वांचा मनापासून आभारी आहे. पत्र पुन्हा वाचले. तिसऱ्या परिच्छेदात ‘कालच्या ईस्टरला तुमची आठवण झाली’ असे वाक्य आहे. ते मी आधी दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा त्याचे महत्त्व मला कळले नव्हते. पत्र ७ एप्रिलचेच आहे. आणखी सहा पत्रांत मात्र वार नाही, सण नाही आणि पाकीटही नाही. त्यांची नोंद कशी करावी?

अभिलेखपाल

पत्रावर जसे लिहिले आहे तसेच, तिरक्या रेघेसह, एका रकान्यात उतरवावे आणि त्याला हात लावू नये. दुसऱ्या रकान्यात तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस लिहावे, म्हणजे आपल्या पत्राचे ‘१९५८-०४-०७’ होईल आणि संगणकावर क्रम आपोआप लागेल. त्या मानकाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात अनिश्चित तारखांचीही सोय आहे: चौकटी कंसात दोन्ही शक्यता लिहिल्या, की ‘यांपैकी कोणतीतरी एक’ असा अर्थ होतो. त्या सहा पत्रांसाठी तोच कंस वापरावा. आधीच्या चाळीस नोंदीही मूळ पत्रे समोर ठेवून पुन्हा कराव्यात, आणि प्रत्येकीपुढे निर्णय कशावरून घेतला ते एका ओळीत लिहावे: शिक्का, वार, सण की लेखकाची सवय.