प्रतिसाद: पत्रा धरायला साधा वाइस ग्रिप पुरेल का?

वर विचारलंय की गाडीच्या फेंडरचा (चाकावरच्या भागाचा) पत्रा वेल्डिंगला धरायला साधा वाइस ग्रिप, म्हणजे दाबल्यावर लॉक होणारी पकड, चालेल का. चालतो, पण त्याचे दातेरी जबडे ०.८ मिमीच्या पत्र्यावर वळ उठवतात आणि नेमकं जिथे टाका मारायचाय तिथेच आडवे येतात. प्लग वेल्डला, म्हणजे वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून तो खालच्या पत्र्याला जोडायला, यू आकाराच्या जबड्याचा लॉकिंग प्लायर (वाइस ग्रिपचाच प्रकार) घ्या, भोक मधल्या मोकळ्या जागेत येतं आणि दोन्ही पत्रे भोकाच्या दोन्ही बाजूंनी घट्ट दाबले जातात, फट राहिली तर वरचा पत्रा जळतो आणि खालचा धरतच नाही, हे मी स्वतः भोगलंय. अन् हो, प्लायरच्या मागच्या अ‍ॅडजस्ट स्क्रूच्या आट्यांवर ठिणग्या बसू देऊ नका, स्क्रू जाम होतो.