पीएचपीच्या सर्व्हरवरच जावा ईईची दोन अ‍ॅप्लिकेशन चालवता येतील का?

प्रश्न:
नमस्कार. आमच्याकडे ४ जीबी रॅमचा एकच लिनक्स सर्व्हर असून त्यावर अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपीची काही संकेतस्थळे चालतात. दोन विभागांसाठी जावा ईई ८ (मोठ्या अ‍ॅप्लिकेशनसाठीचा जावाचा संच) वर लिहिलेली दोन जुनी अ‍ॅप्लिकेशन आता त्यावरच चढवायची आहेत. त्यांपैकी एकात ईजेबी (कामकाजाचे नियम सांभाळणारे जावाचे घटक) वापरले आहे. दोन्हींसाठी टॉमकॅट १० (जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) वेगवेगळे बसवले. पण वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचे एकत्र बांधलेले पॅकेज) टाकल्यावर ब्राउझरमध्ये ४०४ ('पान सापडले नाही') दिसते, आणि दिवसातून एकदा तरी मायएसक्यूएल आपोआप बंद पडते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल का?

उत्तर १:
संबंध नाही, दोन्ही दुखणी स्वतंत्र आहेत. टॉमकॅट १० पासून पॅकेजांची नावे 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' अशी झाली असल्यामुळे जुन्या कोडला सर्व्हलेटचे (वेब विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा घटकांचे) क्लास सापडत नाहीत, अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही आणि वरवर मात्र ४०४ दिसते. खरे कारण लॉगमध्ये असते. ईजेबी नसलेले वॉर 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' या फोल्डरमध्ये ठेवल्यास टॉमकॅट १० स्वतःच त्याचे रूपांतर करते. ईजेबीचे वॉर मात्र टॉमकॅटच्या कोणत्याही आवृत्तीत तसेच्या तसे चालणार नाही, कारण टॉमकॅट हे केवळ सर्व्हलेट आणि जेएसपी (जावा कोड असलेली वेब पाने) चालवणारे कंटेनर आहे. त्यासाठी टॉमईई ८ (ईजेबीही चालवणारे टॉमकॅटचे विस्तारित रूप) घ्यावे, म्हणजे कोडला हात लावावा लागणार नाही.

उत्तर २:
मायएसक्यूएलबाबत माझा संशय मेमरीवर आहे. कमाल हीप (जावाच्या ऑब्जेक्टसाठीची मेमरी) ठरवून दिली नाही, तर जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी प्रोसेस) सर्वसाधारणपणे एकूण रॅमच्या चौथ्या हिश्शापर्यंत जाते. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येकी १ जीबी, आणि मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवण्याची जागा) व थ्रेडचे स्टॅक त्याखेरीज. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल एखादी मोठी प्रोसेस मारतो, आणि तुमच्याकडे बहुधा मायएसक्यूएल बळी पडते. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा आणि दोन्ही जेव्हीएमना एक्सएमएक्स (कमाल हीप ठरवणारा पर्याय) वापरून ५१२ एमबीची मर्यादा घाला. दोन्हींचे कनेक्टर (विनंत्या स्वीकारणारे भाग) १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतील, पत्त्यालाच बांधा. बाहेरची विनंती अपाचेमार्फतच आत यावी. दुसऱ्या टॉमकॅटचे ८०८० (विनंत्यांचा) आणि ८००५ (बंद करण्याच्या आदेशाचा) हे पोर्ट बदलायला विसरू नका. (मी एकदा ८००५ बदलायचे विसरलो होतो आणि अख्खी संध्याकाळ लॉग चाळण्यात गेली.)

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. लॉगमध्ये नेमकी मायएसक्यूएलचीच नोंद सापडली. टॉमईईवर ईजेबीचे अ‍ॅप्लिकेशन सुरू झाले. मात्र अपाचेमार्फत उघडल्यास लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचेच पान येते. अपाचेमध्ये मार्ग '/भांडार' असा लहान ठेवला आहे, आतील नाव वेगळे आहे.

उत्तर २:
सेशनची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधील खूण) आतील नावाच्या मार्गाने बांधली जाते, त्यामुळे '/भांडार' वर ब्राउझर ती परत पाठवतच नाही. वॉर फाइलचे नाव बदलून आत-बाहेर एकच मार्ग ठेवा.