शब्दचर्चा : सर्व्हरच्या मांडणीची 'निर्यात' की आणखी काही?

दांडियाबाजारकर (बडोदे)
नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलोय. आमच्या ट्रस्टच्या इमारतींत मिळून ४७ कॅमेरे आहेत आणि त्यांचा सर्व्हर मी सांभाळतो. विश्वस्तांनी फर्मावलं की कुठला कॅमेरा कुठे आहे, किती दिवसांचं चित्रण साठवतो, ते बघायची मुभा कोणाला, हे सगळं कागदावर द्या, आणि मराठीत द्या. सॉफ्टवेअरमधून ही माहिती बाहेर काढायला एक्सपोर्ट म्हणतात. मी कोशातला शब्द उचलला आणि टिपणावर लिहिलं, 'सर्व्हर संरचनेची वाचनीय स्वरूपात निर्यात'. बैठकीत एक काकू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "निर्यात? मुलींच्या वसतिगृहाचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवताय की काय?" काहीही बाहेर जात नाहीये हे पटवण्यात पुढची वीस मिनिटं गेली. तेव्हा निर्यातीला दुसरा शब्द सुचवा. 'वाचनीय'ही खटकतोय, पण का ते नेमकं सांगता येत नाही.

राजवाड्यामागची (इंदूर)
काकूंचं काय चुकलं? निर्यात म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे कांदा येतो. माल आपल्या हातून गेला, बदल्यात पैसे आले. तुमच्या एक्सपोर्टमध्ये मूळ वस्तू जागची हलत नाही.
'वाचनीय' खटकणारच. वाचनीय म्हणजे वाचावंसं वाटेल असं. दिवाळी अंक वाचनीय असतो, ४७ आयपी पत्ते, म्हणजे कॅमेऱ्यांचे नेटवर्कवरचे आकडे, कोण आवडीने वाचत बसणार? 'सुवाच्य' म्हणावं तर तो हस्ताक्षराचा शब्द. आम्ही इथे सरळ 'नक्कल' म्हणतो. तहसिलीतून खसऱ्याची नक्कल काढून आणतात, तशी सर्व्हरची काढायची.

ग्वाल्हेरचा जावई
नक्कल आमच्याकडेही रोजचीच, पण परीक्षेतलीसुद्धा नक्कलच, तेवढं सोडून देऊ. माझा आक्षेप वेगळा आहे. नक्कल म्हणजे हुबेहूब, आणि सर्व्हरच्या मांडणीची हुबेहूब नक्कल म्हणजे बॅकअप. कॅमेरे सांभाळणारं माइलस्टोन कंपनीचं एक्सप्रोटेक्ट हे सॉफ्टवेअर घ्या. त्याची सगळी मांडणी एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. त्या डेटाबेसचा बॅकअप नोटपॅडमध्ये उघडलात तर नुसती चौकोन-त्रिकोणांची रांगोळी दिसेल. तो यंत्राने वाचायचा. सर्व्हर कोसळला तर त्यातून तो पुन्हा उभा राहतो. त्याच एक्सप्रोटेक्टमधून कॉन्फिगरेशन रिपोर्टची पीडीएफही निघते. ती माणसाने वाचायची, पण तिच्यातून सर्व्हर उभा करू म्हणाल तर सगळं हातानं भरत बसावं लागेल. वस्तू दोन आहेत, तर शब्दही दोन लागतील. दोन्हींना एक्सपोर्ट म्हणतात म्हणूनच घोळ होतो. 'माझ्याकडे एक्सपोर्ट आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याच्या हातात नुसती पीडीएफ निघाल्याचं मी पाहिलंय. हार्ड डिस्क गेल्यावर.
(फ्रिगेटसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मांडणी एका याम्ल फायलीत, साध्या मजकुरात लिहिलेली असते. ती यंत्रही वाचतं आणि आपणही. तिथे हा वादच उरत नाही.)

निवृत्त अव्वल कारकून (बडोदे)
'उतारा' म्हणा की.
जन्म मामलतदार कचेरीत गेला. लोक सातबाराचा उतारा मागायला यायचे. गुजरातीत तोच 'उतारो', त्यामुळे बडोद्यात दोन्ही भाषांच्या माणसाला सांगावं लागत नाही. मूळ दप्तर कचेरीतच राहतं. त्यातला लागेल तेवढा भाग ठरलेल्या नमुन्यात, रकान्या-रकान्यांनी कागदावर उतरतो. नाव, क्षेत्र, आकार, पीक. तुमच्याकडे कॅमेऱ्याचं नाव, आयपी पत्ता, सेकंदाला किती फ्रेम, किती दिवस साठवण. फरक काय? आणि उतारा माणसाने वाचण्यासाठीच असतो, तेव्हा 'वाचनीय' लिहायची गरजच उरली नाही. एक शब्द फुकट वाचला.
पुढचंही तयार आहे. मार्चचा आणि जूनचा उतारा शेजारी ठेवले की मध्ये काय बदललं ते दिसतं. त्याला 'फेरफार' म्हणतात, गाव नमुना ६.
सयाजीराव महाराजांच्या वेळी, १९३१ साली, याच गावातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. कारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेला कोश. अशा गावच्या माणसाने कचेरीचा शब्द सोडून बंदरावरचा घ्यावा?

राजवाड्यामागची (इंदूर)
काका, नक्कल मागे घेतली. फक्त एक सांगते, उतारा आमच्या सासूबाई चौकात ठेवतात, लिंबू आणि दहीभाताचा. तुमच्या कागदाला कोणी ओलांडून जाऊ नये म्हणजे झालं.

दांडियाबाजारकर (बडोदे)
काका, शब्द मनात बसला. पण गावातच एक अडचण आहे. गुजरातीत 'विडियो उतारवो' म्हणजे चित्रण करणं, आणि आपली इथली मराठीही त्याच वळणाने जाते. काल मुद्दाम वॉचमनला विचारलं, "चार नंबर कॅमेऱ्याचा उतारा म्हणजे काय समजलास?" तो म्हणाला, "रात्रीचं रेकॉर्डिंग ना? पेनड्राइव्ह द्या." म्हणजे काकूंची शंका परत आली.

निवृत्त अव्वल कारकून (बडोदे)
कॅमेऱ्याचा म्हणालात म्हणून. उतारा नोंदवहीचा असतो, जमिनीचा नव्हे. म्हणून तर सातबाराचा उतारा. तुम्ही 'मांडणीचा उतारा' म्हणा. मांडणीत चित्रण नसतंच.

ग्वाल्हेरचा जावई
कॉन्फिगरेशनला 'मांडणी' म्हणायला माझं अनुमोदन. संरचना पुलाची असते, आणि हिंदीतला 'विन्यास' आणलात तर निम्म्या लोकांना केशविन्यास आठवेल. यंत्रासाठीच्या बॅकअपला बॅकअपच म्हणू द्या, तो आता आपलाच झालाय.
दोन गोष्टी कामाच्या. उताऱ्यात पासवर्डचा रकाना ठेवू नका, कागद कुठेही पडतो. आणि यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फायलीत) काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर आधी एकच ओळ काढून बघा. कॅमेऱ्याचं नाव 'मागचा दरवाजा' असेल आणि फाइल यूटीएफ-८ (देवनागरीही साठवणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) असूनही तिच्या सुरुवातीला तशी खूण नसेल, तर एक्सेल नावाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दाखवतं. कॅमेरा ००७ चा ७ होतो तो वेगळाच. जेसन या दुसऱ्या मजकुरी फाइल-प्रकारात काढलीत तर काही प्रोग्राम 'म' च्या जागी बॅकस्लॅश, यू, ०९२ आणि ई असं लिहून ठेवतात. यंत्राला ते 'म'च दिसतं. काकूंना नाही दिसणार.

राजवाड्यामागची (इंदूर)
म्हणजे मोडीतला कागद आणि बाळबोधीत उतरवून घेतलेला कागद, असंच की. मजकूर तोच, पण पहिला घरात कोणाला वाचता येत नाही. आमच्या माळ्यावर तसलं एक गाठोडं आहे.

दांडियाबाजारकर (बडोदे)
सर्वांचे आभार. एक्सेलने माझाही 'मागचा दरवाजा' खाल्ला होता. डेटा टॅबमधून फाइल आयात करून यूटीएफ-८ निवडलं, तेव्हा नीट आला. ('आयात' लिहून गेलो, कृपया सोडून द्या.) अखेर शीर्षक असं दिलं : 'कॅमेरा सर्व्हरच्या मांडणीचा उतारा'. पाच पानं झाली, पासवर्ड वगळले, सहाव्या पानावर मागच्या उताऱ्यानंतरचे फेरफार घातले, एकूण तीन. या वेळी बाहेर काय जातंय असं कोणी विचारलं नाही. काकूंनी पहिलं पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "उतारा आहे ना, मग सही-शिक्का कुठाय?"
आता काका, शिक्क्यावर काय लिहायचं तेवढं सांगा.